डोक्यावरचा दिवा आणि कोकणचे पाणी: स्कूबा डायव्हिंगमध्ये मास्क-लाइट वापरण्याबाबत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मालवण, तारकर्ली, देवबाग आणि निवतीच्या पाण्यात डायव्हिंग करणाऱ्यांकडून आणि शिकणाऱ्यांकडून दिव्यांबाबत जे प्रश्न वरचेवर विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. ही उत्तरे कोकणच्या हिरवट, गाळ धरून ठेवणाऱ्या पाण्याचा विचार करून लिहिलेली आहेत. लक्षद्वीप किंवा अंदमानच्या नितळ पाण्यात यांतील काही सूचना थोड्या सैल करता येतील, पण आपल्याकडे तसे करून चालणार नाही.

डोक्यावरचा दिवा आणि मास्क-लाइट यांत फरक काय?

डोक्यावरचा दिवा पट्ट्याने कपाळावर किंवा हुडावर बांधला जातो. मास्क-लाइट म्हणजे मास्कच्या कडेला किंवा पट्ट्याला अडकवलेला छोटा दिवा. तिसरा प्रकार हेल्मेटवर दोन्ही बाजूंना दिवे बसवण्याचा असून तो मुख्यतः पाण्याखालच्या गुहांत जाणारे डायव्हर आणि पाण्याखाली काम करणारे कामगार वापरतात. तिन्हींचे गुण-दोष बरेचसे सारखे असल्याने खालील उत्तरांत "डोक्यावरचा दिवा" हा शब्द तिन्हींसाठी वापरला आहे. जिथे फरक पडतो तिथे तसे वेगळे सांगितले आहे.

मी मालवणला पहिल्यांदाच स्कूबा करणार आहे. मला दिवा घ्यावा लागेल का?

नाही. पर्यटकांसाठीचे डाइव्ह दिवसाउजेडी आणि उथळ पाण्यात होतात, इन्स्ट्रक्टर सतत तुमच्यासोबत असतो आणि तुमचे सगळे लक्ष श्वासाकडे व कानांतला दाब मोकळा करण्याकडे असायला हवे. त्यात आणखी एका वस्तूची भर घालू नये.

भर उन्हात केलेल्या डाइव्हमध्ये दिव्याचा काय उपयोग?

दोन उपयोग आहेत. पहिला रंगांसाठी. पाणी सूर्यप्रकाशातला तांबडा रंग सर्वांत आधी शोषून घेते. अगदी स्वच्छ पाण्यातही ५ मीटरच्या आसपास तो बहुतांश नाहीसा झालेला असतो आणि त्यामागून नारिंगी व पिवळा जातो. आपल्या किनाऱ्यालगत प्लवंग (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) आणि गाळ भरपूर असल्याने निळा प्रकाशही लवकर शोषला जातो आणि शेवटी हिरवा तेवढा उरतो, म्हणूनच आपले पाणी खाली गेल्यावर शेवाळी दिसते. ८ मीटरवर राखाडी-तपकिरी वाटणाऱ्या खडपावर, म्हणजे पाण्याखालच्या खडकावर, जवळून दिवा धरला की त्याच खडपावरचे स्पंज तांबडेलाल आणि केशरी निघतात. मात्र हे हातभर अंतरावरूनच साधते, कारण दिव्याच्या उजेडालाही जाऊन-येऊन दुप्पट पाणी कापावे लागते. २ मीटरवरच्या वस्तूसाठी तो ४ मीटर प्रवास करतो.

दुसरा उपयोग कपारींसाठी. आपल्याकडचे बरेचसे पाहण्यासारखे जीवन खडपांच्या पोटात, सावलीत दडलेले असते. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या एखाद्या भेगेत बाहेरून काळोखच दिसतो, पण दिवा तिरका धरून आत टाकला की आधी दोन लांब मिशा हलताना दिसतात, मग त्या मिशांच्या मुळाशी शेवंड (लॉबस्टर), आणि थोडे थांबले तर त्याच्या मागे भिंतीला पाठ लावून बसलेला दुसरा. या कामासाठी हातातला दिवा डोक्यावरच्या दिव्यापेक्षा केव्हाही सरस ठरतो, कारण भेगेच्या तोंडाशी डोके न नेता केवळ मनगट वळवून उजेड आत पाठवता येतो.

पाणी गढूळ असेल तर डोक्यावर जास्त तेजाचा दिवा लावल्याने जास्त दिसेल ना?

दिसणार नाही, उलट कमी दिसेल. आणि डोक्यावरच्या दिव्याबाबत कोकणात ज्या तक्रारी ऐकू येतात त्यांतल्या बहुतेकांचे मूळ येथेच आहे. आपल्या पाण्यात बारीक गाळ, वाळूचे कण आणि प्लवंग सतत तरंगत असतात. पावसाळ्यात नद्या-खाड्यांनी आणून टाकलेला गाळ ऑक्टोबरातही पुरता बसलेला नसतो. चांगल्या दिवशी ८ ते १० मीटरपर्यंत दिसते, पण उधाणाच्या दिवसांत २ मीटरवरचा सोबतीही धूसर होतो. दिव्याचा झोत पडला की यांतला प्रत्येक कण उजळतो आणि उजेडाचा काही भाग आल्या वाटेने परत पाठवतो. दिवा कपाळावर किंवा मास्कच्या कडेला असेल तर तो डोळ्यांपासून जेमतेम १० सेंटीमीटरवर असतो. साहजिकच परतलेला उजेड सरळ डोळ्यांत शिरतो आणि समोर पांढुरका पडदा उभा राहतो. दिव्याचे तेज वाढवले की पडदा तेवढाच अधिक दाट होतो.

आंबोली घाटात पावसाळी धुक्यातून गाडी चालवलेल्यांना याचा अनुभव असतो. मोठा झोत टाकला की धुके भिंतीसारखे अंगावर येते, आणि बंपरच्या खाली बसवलेल्या फॉग लॅम्पच्या उजेडात मात्र रस्त्याची कड दिसू लागते. पाण्यातही तेच. दिवा हातात घेऊन शरीरापासून दूर, कमरेच्या उंचीवर आणि किंचित तिरका धरला, तर डोळ्यांसमोरचे पहिले हातभर पाणी अंधारात राहते. सर्वांत जवळचे, म्हणून सर्वांत जास्त चमकणारे कण याच पाण्यात असतात आणि त्यांच्यावर उजेडच पडत नाही. आपल्याला हवी ती वस्तू तेवढी उजळते.

याची खात्री दोन मिनिटांत करून घेता येते. खाली गेल्यावर एकच दिवा आधी कपाळाला टेकवून धरा, मग हात पूर्ण लांब करून बाजूला न्या आणि दोन्ही वेळा त्याच दगडाकडे पाहा. हा प्रयोग मी माझ्याबरोबर आलेल्या जवळपास प्रत्येकाला करायला लावला आहे, आणि वर आल्यावर पुन्हा समजावून सांगण्याची गरज सहसा पडलेली नाही.

मग डोक्यावरचा दिवा घेऊच नये का?

काही कामांसाठी तो योग्यच आहे. मासेमारीच्या होडीच्या पंख्यात जाळे अडकले की कुणाला तरी खाली उतरून ते कापावे लागते. एक हात पंख्याच्या पात्यावर, दुसऱ्यात सुरी, आणि काम तोंडापासून दीड-दोन फुटांवर. अशा वेळी डोक्यावरच्या दिव्याला पर्याय नाही, कारण अंतर इतके कमी असते की मधल्या पाण्यात कणांचा पडदा तयार व्हायला जागाच उरत नाही. खडपांत रुतलेली जुनी जाळी काढणे, तळाशी पाटीवर नोंदी लिहिणे, नांगराचा दोर सोडवणे, छायाचित्रे घेताना कॅमेऱ्याची बटणे पाहणे, ही सगळी दोन्ही हातांची आणि जवळच्या नजरेची कामे आहेत.

दुसरा योग्य वापर म्हणजे राखीव दिवा म्हणून. हातातला मुख्य दिवा बंद पडला, तर मास्कच्या कडेचा छोटा दिवा एका बोटाने लावता येतो, खिशात चाचपडावे लागत नाही. माझे मत असे आहे की करमणुकीच्या डाइव्हमध्ये मुख्य दिवा हातातच असावा आणि डोक्यावरचा बंद ठेवून, गरजेपुरताच लावावा.

डोक्यावरच्या दिव्याचा सोबतच्या डायव्हरला त्रास होतो असे म्हणतात. तो कसा?

आपण ज्याच्याकडे पाहतो त्याच्या डोळ्यांत आपला दिवा जातो. पाण्याखाली बोलता येत नसल्याने एकमेकांकडे पाहणे हेच बोलणे असते, आणि नेमके त्याच क्षणी आपण समोरच्याला आंधळे करतो. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर असा झोत पडला की तो सराव जातो, आणि तो पूर्णपणे परत यायला २० ते ३० मिनिटे लागतात. इतका तर कधी कधी उरलेला डाइव्ह असतो.

काही वर्षांपूर्वी, सूर्य मावळल्यानंतरच्या एका डाइव्हमध्ये माझ्या सोबत्याच्या कपाळावर चांगला प्रखर दिवा होता. परतीच्या वाटेवर तो माझ्याकडे वळला आणि त्याने हाताने काहीतरी सांगितले. मला पांढऱ्या गोळ्यापलीकडे काहीच दिसले नाही. तो "ठीक आहे ना?" विचारत असेल अशा समजुतीने मी ठीकची खूण केली. होडीत चढल्यावर कळले की त्याच्या सिलिंडरमध्ये ५० बारच्या आसपास (बार हे दाबाचे माप), म्हणजे थोडीच हवा उरली होती आणि तो तेच सांगत होता. आम्ही ६ मीटरवर होतो आणि होडी जवळ होती म्हणून काही बिघडले नाही. त्या दिवसापासून कपाळावर दिवा लावलेल्या माणसाबरोबर खाली जाण्यापूर्वी मी एकच अट घालतो: माझ्याकडे पाहायचे असेल तर आधी दिवा हाताने झाकायचा किंवा हनुवटी छातीकडे खाली न्यायची.

दिव्याने खुणा कशा करायच्या, आणि डोक्यावरचा दिवा असेल तर त्या करता येतात का?

प्रचलित पद्धतीत झोताने तळावर किंवा खडपावर सावकाश मोठे वर्तुळ काढणे म्हणजे "सर्व ठीक", झोत सावकाश डावी-उजवीकडे फिरवणे म्हणजे "इकडे लक्ष दे", आणि तोच झोत वेगाने, सतत हलवणे म्हणजे "अडचणीत आहे". तपशील डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेगणिक थोडे बदलतात, त्यामुळे पाण्यात उतरण्यापूर्वी होडीतच सर्वांनी त्या ठरवून घ्याव्यात. हाताच्या खुणा करायच्या असतील तर दिवा स्वतःच्या दुसऱ्या हातावर धरायचा, म्हणजे समोरच्याला खूण उजळलेली दिसते आणि त्याच्या डोळ्यांना त्रास होत नाही.

डोक्यावरच्या दिव्याने या खुणा नीट करता येत नाहीत. वर्तुळ काढायला मान फिरवावी लागते आणि तेवढ्यात नजर सोबत्यावरून सुटते. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की डोके सहजपणे सारखे हलत असते. कपारी न्याहाळणाऱ्याचा झोत इकडून तिकडे फिरत राहतो आणि दुरून पाहणाऱ्याला तो "लक्ष दे" किंवा "अडचणीत आहे" असा वाटू शकतो. दहा वेळा खोटी हाक ऐकली की अकराव्या खऱ्या हाकेला माणूस उशिरा वळतो.

किती लुमेनचा आणि किती अंशांच्या झोताचा दिवा घ्यावा?

हातातल्या मुख्य दिव्यासाठी आपल्या पाण्यात १,००० लुमेनच्या आसपासचे तेज आणि १० अंशांपर्यंतचा अरुंद झोत पुरेसा होतो. अरुंद झोत गढूळ पाण्यातून रेघेसारखा पुढे जातो आणि सोबत्याला तो दुरूनही ओळखता येतो. चित्रीकरणासाठीचे १०० ते १२० अंश पसरणारे दिवे वाट पाहण्यासाठी वापरू नयेत. ते सभोवतालचे सगळे कण एकदम उजळवतात.

डोक्यावरच्या दिव्यासाठी १०० ते ३०० लुमेन भरपूर झाले. तेज कमी-जास्त करता येणारा, आणि शक्यतो सर्वांत कमी तेजावर आधी सुरू होणारा दिवा निवडावा. दुकानात अंधाऱ्या भिंतीवर पडलेला झोत पाहून भुलू नये. हवेत जे तेज सुखावते तेच पाण्यात नडते.

ट्रेकिंगचा वॉटरप्रूफ हेडलॅम्प डायव्हिंगला चालेल का?

चालणार नाही. वेष्टनावरच्या "आयपीएक्स ७" या खुणेचा अर्थ दिवा १ मीटर पाण्यात ३० मिनिटे टिकतो एवढाच आहे. "आयपीएक्स ८" म्हणजे त्याहून खोल, पण नेमके किती खोल आणि किती वेळ हे उत्पादक ठरवतो, आणि ते वेष्टनावर शोधून वाचावे लागते. १० मीटरवर पाण्याचा एकूण दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, २० मीटरवर तिप्पट. सह्याद्रीतल्या पावसासाठी बनवलेल्या बटणाच्या रबरी टोपीला हा दाब आत दाबतो. कधी दिवा आपोआप लागतो, कधी बंद होतो, आणि कधी बटणाच्या कडेने पाणी आत शिरते.

मी स्वतः एका दुकानातून "१०० मीटर वॉटरप्रूफ" असे छापलेला स्वस्त दिवा घेतला होता. ७ मीटरवर त्याच्या काचेच्या आत आधी एक बुडबुडा फिरताना दिसला, मग काच अर्धी भरली आणि उजेड पिवळा पडत गेला. डायव्हिंगसाठी म्हणून बनवलेला, मीटरमध्ये खोली स्पष्ट लिहिलेला आणि दोन ओ-रिंग (पाणी आत येऊ न देणाऱ्या रबरी कड्या) असलेला दिवाच घ्यावा.

मास्कला दिवा लावल्याने मास्कमध्ये पाणी शिरते का?

शिरू शकते. एका बाजूला वजन आले की मास्कची सिलिकॉनची कड त्या बाजूने ओढली जाते आणि विरुद्ध गालाकडून पाणी झिरपू लागते. मिशा-दाढी असलेल्यांना हा त्रास आधीच असतो, तो वाढतो. दिवा मास्कच्या चौकटीला न लावता मागे, कानाच्या वर पट्ट्यावर लावला तर ताण बराच कमी होतो. पट्टा आवळून घेणे हा मात्र उपाय नव्हे, त्याने कड दुमडते आणि गळती वाढते. ज्यांना मास्कमधले पाणी काढण्याचा सराव नाही त्यांनी मास्कला काहीही अडकवू नये.

जाळी आणि तंगूस (गळाचा नायलॉनचा दोरा) यांत दिवा अडकण्याची भीती कितपत खरी आहे?

आपल्या किनाऱ्यावर ती अगदी खरी आहे. जिथे मासे तिथे खडप, आणि जिथे खडप तिथे तुटलेली जाळी व गळाची तंगूस. पाण्यात तंगूस जवळजवळ अदृश्य असते. डोक्यावर काहीही पुढे आलेले असेल, तर कपारीच्या छपराखालून जाताना ती नेमकी तिथेच गुंतते, आणि गुंतलेली जागा स्वतःच्या डोळ्यांना दिसत नाही. मान झटकली की ती आणखी आवळते आणि मास्क सरकतो.

असे झाले तर आहे तिथेच थांबावे, श्वास सावकाश चालू ठेवावा, एका हाताने मास्क चेहऱ्यावर दाबून धरावा आणि सोबत्याला बोलवावे. तो पुढून पाहू शकतो, आपण पाहू शकत नाही. सोबती दूर असेल तर दिवा पट्ट्यासकट काढून सोडून द्यावा. यासाठी एका हाताने सुटणारी पट्ट्याची जोडणी निवडावी. तंगूस कापायला मोठ्या सुरीपेक्षा छातीजवळ अडकवलेले छोटे कटर उपयोगी पडते. दिवा शक्य तितका डोक्याला चिकटून बसणारा असावा आणि त्याचे लोंबणारे पट्टे कापून टाकावेत.

रात्रीच्या डाइव्हसाठी एका माणसाकडे किती दिवे असावेत?

तीन. हातातला मुख्य, एक राखीव, आणि सिलिंडरच्या तोंडाशी बांधलेला छोटा खुणेचा दिवा, ज्यामुळे पाठमोरा डायव्हरही ओळखता येतो. डोक्यावरचा दिवा राखीव म्हणून मोजता येईल, खुणेचा म्हणून नाही, कारण मागून तो दिसत नाही. एकदा वापरून फेकायच्या रासायनिक प्रकाशकांड्या टाळाव्यात. त्यांचे प्लास्टिक शेवटी आपल्याच किनाऱ्यावर येऊन पडते.

दिवस निवडताना तिथी पाहावी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओढ जोरात असते आणि तळ ढवळला जातो. अष्टमीच्या आसपास भांगाच्या दिवसांत पाणी शांत असते आणि गाळ खाली बसलेला असतो. तांडेलाला, म्हणजे होडी चालवणाऱ्या प्रमुखाला, विचारले तर तो पंचांग न उघडता सांगेल.

खाली असताना दिवा बंद पडला तर काय करावे?

राखीव दिवा लावावा, सोबत्याला दाखवावे आणि दोघांनी मिळून डाइव्ह संपवावा. एका दिव्यावर डाइव्ह पुढे चालू ठेवू नये, मग तो दिवा कितीही भरवशाचा असो.

रात्री दिव्याभोवती किडे जमतात ते धोकादायक असतात का?

ते बहुतेक वेळा कोळंबीसारखे सूक्ष्म जीव आणि बारीक सागरी अळ्या असतात, आणि पावसाळ्याच्या तोंडावर अंगणातल्या दिव्याला जसे पाखरे लागतात तसे ते झोताकडे येतात. धोका नसतो, पण दिवा मास्कच्या शेजारी असेल तर हा सगळा थवा काचेसमोर नाचू लागतो आणि काही वेळा हवेचा दाब दाखवणारा काटाही वाचता येत नाही. हातातला दिवा थोडा वेळ दूर धरला की थवा तिकडे जातो. चिमुकले जेलीफिशही उजेडाकडे येतात, त्यामुळे मान आणि ओठांभोवतीची उघडी त्वचा झाकलेली बरी.

खरी काळजी पृष्ठभागावर घ्यावी. लांब चोचीचे टोळ मासे रात्री उजेड पाहून पाण्याबाहेर उसळतात आणि त्यांच्या चोचीने माणसांना गंभीर जखमा झाल्याच्या घटना जगभरात नोंदल्या गेल्या आहेत. वर आल्यावर कपाळावरचा दिवा बंद करावा. होडीला खूण करायची असेल तर हातातला दिवा वापरावा, आणि तोही तांडेलाच्या डोळ्यांवर न मारता स्वतःच्या डोक्यावर किंवा सिलिंडरवर धरावा, म्हणजे पाण्यात माणूस आहे हे त्याला दिसते.

पाणी निळे चमकते ते पाहायचे असेल तर दिव्याचे काय करायचे?

बंद करायचा, किंवा छातीशी झाकून धरायचा. ही चमक नॉक्टिलुका या सूक्ष्म जीवाची असते. पाणी हलले की तो निळसर उजेड देतो. थंडीच्या दिवसांत कोकणात काही रात्री लाटाही अशा उजळतात. सोबत्याशी आधी ठरवून, तळावर स्थिर बसून, दोघांनी एकाच वेळी दिवे झाकावेत आणि डोळे सरावेपर्यंत थांबावे. मग हात नुसता फिरवला तरी प्रत्येक बोटामागून ठिणग्यांची रेघ उठते, आणि सोबत्याच्या श्वासाचे बुडबुडे वर जाताना उजळलेले दिसतात. डोक्यावरचे दिवे चालू असलेल्या गटाबरोबर मी कितीदा तरी याच पाण्यातून गेलो आहे आणि आम्हांला यातले काही दिसलेले नाही.

दिव्याचा मासे, कासवे आणि प्रवाळांना त्रास होतो का?

होतो. रात्री कपारीत निजलेला मासा झोताने दचकतो आणि खडपावर आपटतो, किंवा उघड्यावर येऊन मोठ्या माशाच्या तोंडी जातो. डोक्यावरचा दिवा येथेही अडचणीचा ठरतो, कारण पाहायचे म्हटले की पूर्ण तेज प्राण्याच्या डोळ्यांवरच जाते. हातातल्या दिव्याची केवळ कड त्याच्यावर ठेवता येते. बऱ्याच सागरी माशांना तांबडा प्रकाश फारसा जाणवत नाही, म्हणून तांबड्या उजेडाची सोय असलेला दिवा निरीक्षणासाठी चांगला.

मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले असून त्याचे क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर आहे. त्या हद्दीत प्राण्यांना हात लावणे तर दूरच, त्यांना उजेडाने हुसकावणेही योग्य नाही. रात्री होडी किनाऱ्याला लागताना कपाळावरचे दिवे बंद ठेवावेत, विशेषतः वायंगणी किंवा वेळाससारख्या, ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात अशा किनाऱ्यांवर. घरट्यातून निघालेली पिल्ले उजळलेल्या दिशेला समुद्र समजून चालत जातात.

स्थानिक मच्छीमार रात्रीच्या दिव्यांना आक्षेप का घेतात?

त्यामागे जुने आणि खरे दुःख आहे. प्रखर एलईडी दिव्यांनी मासे गोळा करून पर्ससीन जाळ्यांनी (थव्याला वेढून खालून आवळल्या जाणाऱ्या मोठ्या जाळ्यांनी) उपसण्याच्या पद्धतीवर केंद्र सरकारने २०१७ मध्ये बंदी घातली, तरी ती मासेमारी चोरून होत असल्याची तक्रार रापणकार (किनाऱ्यावरून जाळे ओढणारे) आणि छोटे मच्छीमार वर्षानुवर्षे करत आले आहेत. ज्याच्या जाळ्यात मासळी येईनाशी झाली, त्याने रात्री समुद्रात पाण्याखालचा उजेड पाहून संशय घेतला तर तो चुकला असे म्हणता येत नाही. म्हणून रात्रीच्या डाइव्हपूर्वी बंदर कार्यालयाला आणि त्या वाडीतल्या मच्छीमारांना कळवावे, होडीवरचे दिवे नियमापुरतेच ठेवावेत आणि कुणाची जाळी कुठे टाकली आहेत ते विचारून घ्यावे.

डोक्यावर कॅमेरा आणि त्याच्या शेजारी दिवा लावला तर चित्रीकरण कसे येईल?

बर्फ पडत असल्यासारखे. दिवा भिंगाला जितका चिकटून, तितके पांढरे ठिपके जास्त. कॅमेरा हातात धरून दिवा बाजूच्या लांब दांड्यावर, बाहेरच्या अंगाला वळवून लावावा.

डाइव्हनंतर दिव्याची निगा कशी राखावी?

दिवा बंद अवस्थेतच गोड्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवावा आणि पाण्यातच बटण दोन-चार वेळा दाबावे, म्हणजे खालचे मीठ निघते. पूर्ण पुसून कोरडा झाल्यावरच उघडावा. ओ-रिंग बोटाने काढावी, सुईने नव्हे. उजेडात धरून तिच्यावर केस, वाळूचा कण किंवा चीर आहे का ते पाहावे. एक केस पुरेसा आहे. सिलिकॉन ग्रीस अगदी पुसट लावावे, इतके की रबर चमकेल पण बोटाला चिकटणार नाही. जाड थर वाळू धरून ठेवतो. पावसाळ्यात जलक्रीडा बंद असताना बॅटरी काढून, झाकण सैल ठेवून दिवा कोरड्या डब्यात ठेवावा.

अनेक प्रखर दिवे पाण्यानेच थंड राहतात, त्यामुळे ते होडीत चालू करून ठेवू नयेत.

लिथियम बॅटरीबाबत काय काळजी घ्यावी?

बहुतेक दिव्यांत १८६५० या मापाची, म्हणजे १८ मिलिमीटर जाडीची आणि ६५ मिलिमीटर लांबीची बॅटरी असते. ती पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट दाखवते. चिपी किंवा मोपाहून विमानाने जाताना सुट्या बॅटऱ्या केबिनमधल्या सामानात, प्रत्येकीची टोके झाकून न्याव्यात. चेक-इनच्या बॅगेत त्यांना परवानगी नसते.

दिव्यात खारे पाणी शिरले असेल तर बॅटरीमुळे आत वायू तयार होऊन दाब साठू शकतो. असा दिवा मास्कवर असेल तर लगेच काढावा. वर आल्यावर तो चेहऱ्यापासून आणि इतरांपासून दूर, मोकळ्या जागी ठेवावा, झाकण उघडताना तोंडासमोर धरू नये आणि ती बॅटरी पुन्हा चार्ज करू नये.

डोक्यावरचा दिवा पहिल्यांदा कुठे आणि कसा वापरून पाहावा?

दिवसा, ४ ते ५ मीटर पाण्यात, वाळूच्या तळावर आणि ज्याला तुमच्या दिव्याची कल्पना आहे अशा सोबत्याबरोबर. हातमोजे घालून डोळे मिटून बटण सापडते का ते पाहावे. दिवा लावलेला असताना मास्क पूर्ण भरून रिकामा करावा. पट्टा एका हाताने सोडून दिवा काढावा आणि पुन्हा बसवावा. सोबत्याकडे वळताना हात आपोआप दिव्यावर जाईपर्यंत हे करत राहावे. मला त्यासाठी सहा-सात डाइव्ह लागले. त्यानंतरच संध्याकाळच्या डाइव्हला तो घेऊन जावा, आणि होडीतून उडी मारण्यापूर्वी तांडेलाला सांगावे की आज पाण्यात किती दिवे उतरत आहेत, म्हणजे वर आलेले दिवे तो मोजू शकेल.